हवेतली गाडी आणि डोंगरातले पाणी

"एवढे लांब जपानला गेलात आणि पाहून काय आलात, तर आगगाडी!" असे म्हणून आमच्या गावची मंडळी अजून माझी थट्टा करतात. त्यांचे काही चुकत नाही. सारी नोकरी बियाणे, खते आणि फवारणी यांच्यात गेलेला मी कृषी विस्तार अधिकारी. असा माणूस परदेशी गेला तर त्याने तिथल्या बागा पाहाव्यात, भाताची खाचरे पाहावीत, हेच कोणालाही पटेल. बागा आणि खाचरे मी पाहिलीच. पण घरी आल्यावर रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आठवते ती मात्र ती गाडी. ती अजून कोणत्याही गावाला जात नाही. डोंगरातल्या एका मार्गावर ती नुसती जाते आणि परत येते, जाते आणि परत येते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, त्या गाडीची हकीकत आज तुम्हाला सांगणार आहे. हिचा आपल्याशी काय संबंध, असे प्रथम वाटेल. पण ही गाडी शेवटी आपल्या विहिरीपाशी येऊन थांबते, तेवढा धीर धरावा.

भाच्याच्या गावी

माझा एक भाचा जपानात यामानाशी प्रांतात, कोफू शहराजवळ एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे. "मामा, निवृत्तीची वाट बघू नका. गुडघे चालतात तोवर येऊन जा," असे तो चार वर्षे म्हणत होता. अखेर एका एप्रिलच्या आरंभी रजा टाकली आणि गेलो.

कोफू हे टोकियोच्या पश्चिमेला, जलद गाडीने दीड तासाच्या वाटेवर. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये परातीसारखा सपाट मुलूख. दक्षिणेच्या डोंगरामागून फुजी पर्वताचे पांढरे डोके दिसते. द्राक्षे आणि पीच यांच्या उत्पादनात हा प्रांत जपानात पहिला. द्राक्षवेली आपल्या नाशिक-सांगलीकडच्यासारख्याच मांडवावर चढवलेल्या. फक्त थंडी नुकतीच सरलेली असल्याने मांडव उघडे होते आणि काडीवरचे डोळे जेमतेम फुगू लागले होते. पीचच्या बागा मात्र गुलाबी फुलांनी भरून गेल्या होत्या. वयस्कर बायामाणसे काठीला बांधलेला पिसांचा कुंचा घेऊन फुलाफुलाला पराग लावत होती. मी तिथेच रमलो असतो, पण भाच्याच्या सहा वर्षांच्या मुलीने हट्ट धरला, "आजोबा, आधी उडणारी गाडी!" नातीपुढे कोणाचे चालले आहे?

गाडीचा चाचणी-प्लॉट

कोफूहून पूर्वेकडे ओत्सुकी नावाचे स्टेशन आहे. तिथून बसने पाव तासात आपण त्सुरू शहराच्या हद्दीत, डोंगराच्या कुशीत पोहोचतो. तिथे प्रांताच्या सरकारने लोकांना गाडी पाहता यावी म्हणून एक प्रदर्शन-भवन बांधले आहे. सोमवारी ते बंद असते, आणि गाडीची चाचणीही रोज नसते. म्हणून भाच्याने दोन्ही पाहून दिवस ठरवला होता.

चाचणीचा रेल्वेमार्ग म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगायचे तर तो गाडीचा चाचणी-प्लॉट. नवे वाण निघाले की ते लगेच शेतकऱ्याच्या हाती देत नाहीत. आधी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, मग वेगवेगळ्या जमिनींत आणि पर्जन्यमानांत, मग काही निवडक शेतकऱ्यांच्या रानात त्याची परीक्षा होते. त्यात आठ-दहा वर्षे सहज जातात. या गाडीची परीक्षा किती वर्षे चालली आहे, ऐका.

जपानची पहिली बुलेट गाडी १९६४ साली धावली. तिच्याही आधी दोन वर्षे, म्हणजे १९६२ सालीच, चाकांशिवाय धावणाऱ्या गाडीचे संशोधन तिथल्या रेल्वेने हाती घेतले होते. १९७२ साली पहिला डबा जमिनीवरून उचलला गेला. १९७७ साली दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर मियाझाकी येथे सात किलोमीटरचा चाचणी मार्ग तयार झाला, आणि १९७९ साली तिथे बिनमाणसाची गाडी ताशी ५१७ किलोमीटर धावली. १९९१ साली तिथला एक चाचणीचा डबा आग लागून जळाला. काम थांबले नाही. तो मार्ग लहान पडू लागला म्हणून यामानाशीत नवा बांधला. १९९७ साली त्याच्या १८.४ किलोमीटर भागावर चाचण्या सुरू झाल्या. २०१३ साली तो ४२.८ किलोमीटर झाला. त्याचा बहुतेक भाग बोगद्यांतून जातो. २१ एप्रिल २०१५ रोजी याच मार्गावर माणसे बसलेल्या गाडीने ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला. रेल्वेच्या गाडीचा तो जागतिक उच्चांक आहे.

मियाझाकीच्या जुन्या मार्गाचे काय झाले, हेही मी विचारले. त्या उंच काँक्रीटच्या पुलावर काही किलोमीटर सौरपत्रे बसवली असून तिथे आता वीज तयार होते. जपानी माणूस बांधलेली वस्तू सहसा वाया जाऊ देत नाही.

आली आली म्हणेपर्यंत गेली

भवनाच्या मोठ्या काचेतून मार्ग दिसतो. आपल्या पाटबंधाऱ्याच्या पक्क्या कालव्यासारखा तो आहे: दोन बाजूंना काँक्रीटच्या उभ्या भिंती आणि मध्ये सपाट तळ. रूळ नाहीत, की वरून विजेची तार नाही. एका डोंगरातून तो निघतो, थोडे अंतर उजेडात येतो आणि समोरच्या डोंगरात शिरतो.

काचेपाशी शाळेची पोरे होती, कडेवर लेकरे घेतलेल्या आया होत्या आणि माझ्याहून वयस्क अशी पुष्कळ माणसे होती. एवढ्यात गाडी येत असल्याची सूचना झाली. सगळे काचेला चिकटले. फलकावर वेगाचे आकडे चढू लागले. तीनशे झाले, चारशे झाले, पाचशेला टेकले. मी म्हटले, जरा नीट पाहावी, म्हणून चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात "हो!" असा एकच आवाज झाला, खालून धडधडत काहीतरी गेले आणि माणसे हसत मागे सरली. मी चष्मा चढवला तेव्हा मार्ग रिकामा होता. नात कपाळाला हात लावून म्हणाली, "आजोबा, गेली ना!"

ताशी पाचशे किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ मीटर. एक एकराचे चौरस रान धरले तर त्याची एक बाजू सुमारे ६४ मीटर भरते. म्हणजे एका सेकंदात गाडी असे दोन बांध ओलांडून पुढे जाते. सबंध गाडी डोळ्यांसमोरून जायला दीड सेकंदही लागत नाही. बरे झाले की चाचणीच्या दिवशी ती पुन्हा पुन्हा ये-जा करते. दुसऱ्या खेपेला मला निळा पट्टा असलेली पांढरी रेघ दिसली. तिसऱ्या खेपेला तिचे लांबलचक, बदकाच्या चोचीसारखे पुढे आलेले तोंड दिसले. त्या तोंडाचीच लांबी पंधरा मीटर आहे. एवढ्या वेगात वारा भिंतीसारखा आडवा येतो, तो कापण्यासाठी ही चोच.

चौथ्या खेपेला मी गाडीकडे पाहिलेच नाही, काचेपाशी उभ्या असलेल्या माणसांची तोंडे पाहिली. साठ वर्षे चाललेले काम डोळ्यांसमोरून सव्वा सेकंदात जाते, आणि ते पाहायला ही माणसे पोराबाळांना घेऊन येतात. आपल्याकडे धरणाचे दरवाजे उघडले की सारा गाव काठावर लोटतो, तसेच ते कौतुक.

ती अधांतरी चालते कशी?

हे मला नीट कळायला अर्धा दिवस लागला. कळले ते सोपे करून सांगतो.

दोन लोहचुंबकांची सारखी टोके जवळ आणली की ती एकमेकांना ढकलतात आणि उलटी टोके एकमेकांना ओढतात, हे शाळेत आपण केलेले असते. गाडीच्या दोन्ही बाजूंना फार जबरदस्त चुंबक बसवले आहेत. मार्गाच्या भिंतींत तारेची वेटोळी बसवली आहेत. त्यांतल्या एका जातीच्या वेटोळ्यांत वीज सोडतात. तिची दिशा अशी उलटसुलट बदलत राहते की पुढचे वेटोळे गाडीला ओढते आणि मागचे ढकलते. म्हणजे गाडीत इंजिन नाही. ते सबंध मार्गभर भिंतीत पसरले आहे. गाडीत चालकही नसतो. सगळा ताबा नियंत्रण-कक्षातून.

दुसऱ्या जातीची वेटोळी गाडीला उचलतात. त्यांना वीज द्यावी लागत नाही. सायकलच्या डायनामोत चुंबक फिरला की तारेत आपोआप वीज येते आणि दिवा लागतो. तसेच हे. गाडीचा चुंबक वेगाने पुढून गेला की या वेटोळ्यांत आपोआप वीज येते आणि तीच गाडीला खालून ढकलते, वरून ओढते. गाडी दहा सेंटीमीटर, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी, अधांतरी उचलली जाते. पण डायनामो हळू फिरवला तर दिवा मिणमिणतो. म्हणून ताशी सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत ही गाडी विमानासारखी रबरी चाकांवरच धावते, आणि मग चाके पोटात घेते.

एवढा जबर चुंबक बनतो कसा? नायोबियम आणि टायटॅनियम या धातूंच्या मिश्रणाची तार उणे २६९ अंशांपर्यंत थंड केली की तिच्यात विजेला अडथळाच उरत नाही. एकदा सोडलेली वीज फिरतच राहते. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धूर निघणाऱ्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ठेवतात, त्याचे तापमान उणे १९६ अंश असते. इथे त्याहूनही थंड असा द्रव हेलियम वापरतात.

प्रदर्शनात चुंबकावर तरंगणारी एक छोटी गाडीही चालवून दाखवतात. खाली २००३ साली ताशी ५८१ किलोमीटर धावलेला खरा डबा ठेवला आहे. आत शिरून बसलो. एका ओळीत चार आसने, खिडक्या लहान. नात म्हणाली, "हलत का नाही?" मी म्हटले, "म्हातारी झाली, आता विश्रांती घेते."

इथे एक खुलासा करतो. आपल्याकडे मुंबई ते अहमदाबाद असा जो ५०८ किलोमीटरचा बुलेट गाडीचा मार्ग बांधला जात आहे, तो या जातीचा नव्हे. ती गाडी रुळांवरून चाकांनीच धावणारी, जपानच्या १९६४ सालच्या गाडीच्या वंशातली आहे.

म्हाताऱ्याचा प्रश्न

दुपारी बाहेरच्या बाकावर डबा सोडला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तळव्यांवरचे घट्टे पाहून मी ओळखले की हा माणूस आपल्यातला. भाच्याने दुभाष्याचे काम केले. त्यांची द्राक्षांची बाग होती. मीही शेतीखात्याचा हे कळताच त्यांनी मला उरलेला चहा ओतून दिला. छाटणी, मांडव, मजुरांची टंचाई, पोरे शहरात गेल्याचे दुःख, सगळे आपल्यासारखेच निघाले.

मी गाडीची स्तुती केली. ते म्हणाले, "गाडी उत्तम आहे. मीही नातवाला घेऊन दरवर्षी येतो." मग समोरच्या डोंगराकडे बोट करून म्हणाले, "पण डोंगराच्या पोटात नुसता दगड नसतो. पाणी असते. हा मार्ग वाढवताना बोगदे खणले, तेव्हा आमच्या प्रांतात काही वस्त्यांचे ओढे आटले. गाडी किती धावते हे साठ वर्षे मोजले. पाणी किती जाते, हे खणल्यावर कळले." आणि उठता उठता म्हणाले, "तुम्ही शेतीचे आहात ना? मग तान्नाला जाऊन या."

तान्नाचे खोरे

दुसऱ्या दिवशी भाच्याने मोटार काढली. फुजी पर्वताला वळसा घालून आम्ही शिझुओका प्रांतात, समुद्राजवळच्या डोंगरात उतरलो. तान्ना हे चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले छोटेसे खोरे. हिरवी कुरणे, काळ्या-पांढऱ्या गाई आणि दुधाची डेअरी. कोणीही म्हणेल, काय सुखी गाव आहे!

पण शंभर वर्षांपूर्वी इथे गाईंची कुरणे नव्हती. इथे भाताची खाचरे होती आणि वासाबीचे वाफे होते. वासाबी म्हणजे जपानी माणूस माशाबरोबर खातो ते झणझणीत कंद. त्याला थंडगार, स्वच्छ, सतत वाहते पाणी लागते. असे पाणी या खोऱ्यात मुबलक होते.

१९१८ साली या खोऱ्याच्या खालून रेल्वेचा बोगदा खणायला सुरुवात झाली. लांबी सुमारे आठ किलोमीटर, आणि खोऱ्याच्या तळापासून सुमारे दीडशे मीटर खाली. सात वर्षांत संपायचे काम सोळा वर्षे चालले. खणताना पाण्याचे लोंढे फुटले, दरडी कोसळल्या, १९३० साली मोठा भूकंप झाला. या कामात ६७ माणसे दगावली. १९३४ साली बोगदा पुरा झाला आणि टोकियोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांचा मोठा वळसा वाचला.

आणि वर खोऱ्यात? ओढे आटले. खाचरे भेगाळली. वासाबी गेली. बोगद्यातून वाहून गेलेले पाणी तिथल्या आशी या मोठ्या सरोवराच्या तिप्पट भरेल, असा हिशेब तिकडे सांगितला जातो. शेतकऱ्यांनी दाद मागितली, आंदोलने केली. भरपाई मिळाली, पाण्याची काही कामे झाली. पण मुरलेले पाणी पैसे देऊन परत येत नाही. लोकांनी हाय खाल्ली नाही. दुधाचा धंदा आधी थोडाफार होता, तोच त्यांनी वाढवला. आज तान्नाच्या दुधाला चांगले नाव आहे.

मी तिथे पेलाभर दूध प्यालो. दूध घट्ट आणि गोड होते. पण पिताना मनात आले की हा धंदा या लोकांनी निवडला खरा, पण आधी निवड करायला दुसरे काही उरले नव्हते. आमच्या पायाखाली दीडशे मीटरवरून त्या वेळीही गाडी जात असेल. वर तिचा आवाजसुद्धा येत नाही.

आजचा वाद

तान्ना ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणावे तर तसेही नाही. ही तरंगती गाडी टोकियो ते नागोया हे २८६ किलोमीटरचे अंतर ४० मिनिटांत नेणार आहे. त्या मार्गाचा जवळजवळ सहा-सप्तमांश भाग जमिनीखालून आहे. काम २०१४ साली सुरू झाले. गाडी २०२७ साली धावायची होती. आता रेल्वे कंपनी २०३५ साल धरून चालली आहे, आणि खर्चाचा अंदाज अकरा लाख कोटी येनवर गेला आहे.

उशिराचे एक मोठे कारण पाणी. जपानी आल्प्स पर्वताच्या पोटातून पंचवीस किलोमीटरचा बोगदा जाणार आहे. त्याचा सुमारे नऊ किलोमीटरचा तुकडा शिझुओका प्रांताच्या उत्तर टोकाखालून, ओई नदीच्या उगमाच्या डोंगरांतून जातो. या नदीवर खालच्या अंगाच्या सहा लाखांवर लोकांचे पिण्याचे पाणी, कारखाने आणि माकिनोहारा पठारावरचे प्रसिद्ध चहाचे मळे अवलंबून आहेत. काहीच उपाय केला नाही तर नदीचे पाणी सेकंदाला दोन घनमीटरपर्यंत कमी होईल, असा अंदाज २०१३ साली खुद्द रेल्वे कंपनीच्याच अहवालात होता. दोन घनमीटर म्हणजे दोन हजार लिटर. दिवसाचा हिशेब केला तर सतरा कोटी अठ्ठावीस लाख लिटर होतात. आणि या प्रांतात त्या गाडीचे एकही स्टेशन नाही.

प्रांताने परवानगी अडवून धरली. कंपनीने बोगद्यात येणारे पाणी पंपांनी नदीला परत देण्याचे कबूल केले. खणताना जे पाणी शेजारच्या प्रांतात वाहून जाईल, तेवढेच पाणी वरच्या धरणावरच्या वीज कंपनीने कमी उचलून नदीत सोडावे, असा तोडगाही निघाला. हे सगळे कशामुळे झाले? खालच्या गावांनी खणण्याआधी विचारले म्हणून. आधी विचारायचे असते, हे त्या प्रांताला नव्याने शिकावे लागले नाही, कारण तान्ना त्याच प्रांतात आहे.

याच मार्गावर गिफू प्रांतात ओकुते नावाचे गाव आहे. तिथे २०२४ साली बोगद्याचे काम चालू असताना विहिरींची आणि तळ्यांची पातळी उतरू लागली. मोजमाप चालू होते म्हणून ते आकड्यांत दिसले, आणि तिथले खणणे थांबवावे लागले.

एकाच विहिरीत सोडलेला दोर

आता ती गाडी आपल्या विहिरीपाशी आली. बोगदा म्हणजे शेवटी काय? भला मोठा आडवा बोअर. आणि आडव्या बोअरची गोष्ट माझ्या नोकरीतलीच आहे. ती मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

२००३ सालचा दुष्काळ. एका वस्तीवर दोघा चुलतभावांच्या विहिरी एकाच ओढ्याच्या काठाला, दोनशे फुटांच्या अंतराने. खालच्या भावाने मला विचारले, "साहेब, डाळिंब जळायला लागले. विहिरीत आडवे बोअर मारू का?" मी विहिरीत उतरून दगडाचा थर पाहिला आणि म्हणालो, "मारा." चार बोअर मारले. तिसऱ्याला पाण्याची धार लागली. बाग वाचली. मी आनंदाने त्याची यशोगाथा लिहून पाठवली. पाणी किती फूट वाढले, झाडे किती जगली, सगळे आकडे तिच्यात होते.

महिन्याभरात वरच्या भावाची विहीर तळाला गेली. दुष्काळाने गेली की बोअरने, यावरून भांडण पेटले. मला पंच म्हणून बोलावले. मी काय सांगणार? त्या विहिरीत बोअरच्या आधी पाणी किती होते, याचा आकडा कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेही नव्हता. वरच्या भावाची म्हातारी आई ओसरीवरून एवढेच म्हणाली, "साहेब, तुम्ही एकाच विहिरीत दोर सोडला."

हायब्रीड ज्वारी आली तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी दाण्याची पोती मोजली. कडबा कमी पडला, पावसात सापडलेला दाणा काळा पडला, हे मागाहून कळले. चाचणी करणारा नेहमी आपल्याला हवे तेच मोजतो. गाडीवाला वेग मोजतो. बियाणेवाला उतारा मोजतो. मी खालच्या विहिरीचे पाणी मोजले. शेजाऱ्याचे काय जाते, हे मोजणे मात्र शेजाऱ्यावरच येऊन पडते.

म्हणून ही वही

गाडी नको, बोगदा नको, असे माझे म्हणणे नाही. रस्ता, रेल्वे, कालवा, खाण यांची कामे होतच राहणार. सांगणे एवढेच की आपल्या पाण्याचा आकडा आपल्याजवळ आधीपासून हवा. त्याला खर्च काही नाही.

विहिरीच्या काठावर रंगाने एक खूण करा. दर अमावास्येला सकाळी, पंप सुरू करण्यापूर्वी, दोराला वजन बांधून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. दोर रोज तोच वापरा. तारीख, अंतर, महिन्याचा पाऊस आणि पंप साधारण किती तास चालला, हे वहीत मांडा. झरा असेल तर पंधरा लिटरची बादली त्याच्याखाली धरून ती किती सेकंदांत भरते ते लिहा. शिवारातल्या पाच-सहा विहिरी एकाच दिवशी मोजाव्यात. वरच्या अंगाची एक आणि खालच्या अंगाची एक तरी त्यात असावी. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या जवळची अशी विहीर कोणती, हे विचारून तिच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहा. दोन-तीन वर्षांत तुमच्या शिवाराच्या पाण्याची चाल तुम्हाला कळू लागेल. मग कोणी खणायला आला तर त्याच्यासमोर नुसती तक्रार न ठेवता वही ठेवता येईल.

जपानहून आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्या चुलतभावांच्या वस्तीवर गेलो. म्हातारी आता नाही. दोघे भाऊ साठीकडे झुकले आहेत. बोलणे पूर्वीच सुरू झाले होते, पण पाण्याचा विषय ते टाळत. मी त्यांना गाडीची गोष्ट सांगितली, तान्नाची सांगितली, आणि माझी चूकही सांगितली. थोरला बराच वेळ गप्प होता. मग आत गेला आणि नातवाची कोरी वही घेऊन आला.

त्या वस्तीवर आता एकच वही आहे. एका पानावर दोन रकाने आहेत, वरची विहीर आणि खालची विहीर. दर अमावास्येला दोघे मिळून एकाच दोराने दोन्ही विहिरी मोजतात. मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा नऊ ओळी भरल्या होत्या.